लाडवाचं बेसन भाजताना

तुझे लाडू टाळूला चिकटतात, असं तू फोनवर म्हणालीस. त्याचं कारण साखरेत शोधू नकोस, तुपातही नको. बेसन कच्चं राहतंय. हरभऱ्याच्या पिठाचा कच्चेपणा वेलदोड्याने झाकला जात नाही, केशराने तर नाहीच. माझ्या सासूबाई, म्हणजे तुझी पणजी, लाडू चाखायच्या आधी हातात घेऊन हुंगायच्या आणि भाजणीत किती घाई झाली ते तिथेच ओळखायच्या. त्यांनी मला जे दिलं ते आता तुला देते. बेसनाचं जवळजवळ सगळं त्या भाजण्यातच आहे.

सुरुवात पिठापासून कर. पिशवीतलं बेसन भज्यांना, पिठल्याला चांगलं, पण लाडवाला फार बारीक पडतं. हरभऱ्याची डाळ निवडून, कोरड्या फडक्याने पुसून, मंद आचेवर हलकी तांबूस होईपर्यंत भाज आणि गिरणीतून रवाळ दळून आण. गिरणीवाल्याला स्पष्ट सांगायचं, लाडवाचं आहे, जाडसर हवं. त्याआधी कोणाचं काय दळलंय तेही विचार. बाजरीच्या मागोमाग आपली डाळ पडली तर पीठ काळसर होतं. दुसऱ्या कोणाच्या डाळीनंतर नंबर लावायचा, नाहीतर पहिलं दोन मुठी पीठ वेगळं काढून पिठल्यासाठी ठेवायचं. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात गिरणीत चकलीच्या भाजणीची रांग असते, तेव्हा दळणाचं काम त्याच्याही आधी उरक. घरच्या डाळीचा आणखी एक फायदा: बाजारच्या स्वस्त बेसनात वाटाण्याच्या डाळीचं पीठ मिसळलेलं असू शकतं, आणि ते कितीही भाजलं तरी हरभऱ्याचा खमंगपणा येत नाही.

गिरणी जवळ नसेल तर पिशवीचं बेसन घे, पण अर्धा किलोला दोन मोठे चमचे बारीक रवा तुपात वेगळा भाजून मिसळ. आणि चिमूटभर कच्चं पीठ जिभेवर ठेवून बघ. कडवट, खवट लागलं तर ते जुनं आहे. त्याचे लाडू करू नकोस.

आता माप. अर्धा किलो बेसनाला पाव किलो ते 300 ग्रॅम साजूक तूप आणि साधारण 400 ग्रॅम पिठीसाखर. पीठ जितकं जाड तितकं तूप कमी लागतं. तूप घरी कढवलेलं असेल तर उत्तमच. वनस्पती तूप मात्र वापरू नकोस. ते तोंडाच्या उबेला नीट विरघळत नाही, म्हणून जिभेवर आणि टाळूवर त्याचा थर बसतो.

कढई जाड बुडाची आणि पीठ घातल्यावर निम्मी रिकामी राहील एवढी मोठी. सगळं तूप एकदम ओतू नकोस, आधी तीन हिस्से घाल, चौथा राखून ठेव. आच मंद, आणि ती शेवटपर्यंत मंदच. अर्ध्या किलोला अर्धा ते पाऊण तास लागतो, हे मनाशी धरून बस. फोन दुसऱ्या खोलीत ठेव.

या वेळात पीठ तीन रूपं दाखवतं. आधी ते तूप पिऊन घेतं, कोरडं, गोळा गोळा होतं, आणि उलथनं जड चालतं. नवशिकी बाई इथेच फसते. तूप कमी पडलं असं वाटून ती आणखी ओतते आणि मग शेवटी लाडू तुपात बसतात. काही घालू नकोस, नुसतं हलवत राहा, तळापासून आणि कडेने. हळूहळू पीठ सैल पडायला लागतं, उलथनं हलकं होतं, कच्चट वास जाऊन भाजलेल्या डाळीचा वास येतो. इथे बहुतेक जण गॅस बंद करतात, आणि इथेच तुझा लाडू कच्चा राहतो. अजून थांब. शेवटच्या रूपात पीठ कडेला तूप सोडतं, उलथन्यावरून सरसर खाली येतं, रंग बदामी होतो आणि खमंग वास स्वयंपाकघराबाहेर जातो. बाहेरच्या खोलीतून कोणीतरी "लाडू करतेयस का?" असं विचारलं की जमत आलं, असं सासूबाई म्हणायच्या. राखलेलं तूप लागलं तर आता घाल, नाही लागलं तर राहू दे.

रंगावर फार विसंबू नकोस. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, पिवळ्या बल्बखाली आणखीच. नाक आणि मनगट खरं सांगतात.

आता दुधाचा हबका. भाजलेल्या गरम बेसनावर तीन-चार चमचे कोमट दूध शिंपडायचं. बेसन फसफसून वर येतं, म्हणून हात जपून आणि ढवळणं जलद. त्या ओलाव्याने पिठाचे कण एकमेकांना धरून फुगतात आणि लाडवाला रवाळपणा येतो. पण दूध घातल्यावर लगेच उतरवायचं नाही. फसफस पूर्ण थांबेपर्यंत, म्हणजे दुधातलं पाणी उडून जाईपर्यंत परतायचं. ओल राहिली तर चार दिवसांत लाडवाला वास येतो. नीट परतलेले लाडू कोरड्या डब्यात दोन-तीन आठवडे सुखाने राहतात.

आमच्या चाळीतल्या गुजराती शेजारणी मगस आणि मोहनथाळ करताना हेच काम भाजण्याआधी करायच्या. थोडं गरम दूध आणि तूप कोऱ्या बेसनाला चोळायचं, दाबून झाकून ठेवायचं, मग जाड चाळणीतून चाळून त्याचे दाणे करायचे आणि ते भाजायचे. त्याला त्या धाबो देणं म्हणायच्या. वडी करायची असेल तर ही रीत आपल्या हबक्यापेक्षा सरस आहे, असं माझं मत. दाणा जास्त ठळक येतो.

गॅस बंद केल्यावरही जाड कढई पीठ भाजतच राहते. म्हणून लगेच परातीत काढ, आणि साखर घालायची घाई करू नकोस. बोट ठेवता येईल इतकं कोमट झालं की साखर. गरम पिठात घातलीस तर ती विरघळते, मिश्रण पातळ होतं आणि लाडू ताटात पसरून भाकरीसारखे चपटे बसतात. साखर घरी दळून चाळून घे, वेलदोडे तिच्यासोबतच दळायचे. बाजारच्या आयसिंग शुगरमध्ये स्टार्च असतो, ती केकला ठीक. तगार, म्हणजे पाक घोटून केलेली रवाळ साखर, करता येत असेल तर ती सगळ्यात छान, लाडू हलका होतो. थोडं जायफळ घाल. बेसन पचायला जड, त्याला जायफळ बरं असं आमच्याकडे मानतात.

साखर घातल्यावर परातीत तळव्याने चांगलं मळ. रंग किंचित उजळतो, मिश्रण हलकं वाटायला लागतं. या मळण्याला तूप वाढवण्याइतकीच किंमत आहे. वळताना भुगा होत असेल तर चमचाभर कोमट तूप. सैल असेल तर कच्चं बेसन मुळीच मिसळायचं नाही, नाहीतर सगळी मेहनत वाया. झाकून तासभर गार जागी ठेव, तूप आळलं की आपोआप वळता येतं. बेदाणा वळतानाच दाबायचा.

बुंदीचे लाडू तू पुढच्या वर्षी कर, ते एकटीचं काम नाही. एवढं लक्षात ठेव: झाऱ्यातून पडलेल्या बुंदीला शेपूट आलं तर पीठ घट्ट, बुंदी चपटी झाली तर पातळ. प्रत्येक घाण्यानंतर झारा धुऊन पुसायचा. लाडवाची बुंदी कुरकुरीत तळायची नाही, मऊ असतानाच काढून गरम पाकात टाकायची, तरच ती पाक पिते.

पाकाची परीक्षा अंगठा आणि तर्जनीत. साखर बुडेल इतकंच पाणी, एक चमचा दूध घालून वर आलेली मळी काढायची, आणि पाक परत साखर होऊ नये म्हणून लिंबाचे चार थेंब. रवा-बेसनाच्या लाडवाला एकतारी पुरतो, वडीला दोनतारी. म्हैसूरपाकालाही पाक एकतारीच, पण तिथे खरं काम तुपाचं: शेजारच्या शेगडीवर ते कडकडीत तापत ठेवायचं आणि पळी-पळीने ओतायचं. तूप गरम असेल तरच बेसन फुलतं आणि जाळी पडते. कोमट तुपाने नुसती घट्ट वडी होते.

आणि वडी कापताना भुगा झालाच तर टाकू नकोस. पाक पुढे गेलेला असतो एवढंच. भुगा कढईत घालून अर्धी वाटी दूध शिंपड, मंद आचेवर ते आटेपर्यंत परत, कोमट असताना लाडू वळ. दूध पडलेले ते लाडू चार दिवसांत संपव, म्हणून आधी ते वाढ.