यादी वाचावी कशी?

लिनक्समध्ये 'एलएस -एल' ही आज्ञा दिली की डिरेक्टरीतील नोंदींची यादी पडद्यावर उमटते. प्रत्येक ओळ म्हणजे एका नोंदीचा दाखलाच होय.

११ ऑक्टोबर २०१६ रोजी आपल्या जुन्या जिल्ह्याचे आदिलाबाद, निर्मल, मंचिर्याल व कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. समजा, या नावांच्या चार डिरेक्टरी आपण केल्या व शेजारी 'अहवाल' ही फाइल ठेवली. डिरेक्टरींच्या ओळी 'डी' या अक्षराने सुरू होतील, अहवालाची ओळ आडव्या रेघेने.

त्यापुढील नऊ खुणा तीन-तीनच्या संचांत वाचाव्यात: मालक, गट व इतर. 'आर' म्हणजे वाचणे, 'डब्ल्यू' लिहिणे, 'एक्स' चालवणे. रेघ म्हणजे मनाई. डिरेक्टरीच्या बाबतीत 'एक्स' म्हणजे आत प्रवेश. पुढे क्रमाने दुव्यांची संख्या, मालक, गट, बाइटमधील आकार, तारीख व नाव. तारीख शेवटच्या बदलाची असते, निर्मितीची नव्हे.

खरी मेख पुढेच आहे. अहवालापुढे 'डब्ल्यू' कोठेच नाही, म्हणून तो सुरक्षित आहे असे समजू नये. फाइल पुसण्याचा अधिकार सामान्यतः ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्या 'डब्ल्यू' व 'एक्स'वर ठरतो. पेटीला कुलूप असले तरी खोलीचे दार उघडे असेल तर पेटीच उचलून नेता येते! प्रयोगशाळेत एकच डिरेक्टरी अनेकजण वापरतात. तेथे एकाचे वर्षभराचे काम दुसऱ्याच्या हातून क्षणात जाऊ शकते. म्हणून 'एलएस -एलडी' व पुढे टिंब देऊन डिरेक्टरीची स्वतःची ओळ आधी वाचावी.