नावामागचा स्वभाव : माती-पाण्यातील जिवाणूंची ओळख

बरकतपुऱ्यातील माझ्या दवाखान्यात मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा रुग्ण आला, की कल्चरच्या अहवालात मी जिवाणूच्या नावाआधी तो कोणत्या औषधांना दाद देत नाही, हे पाहतो. ही यादी वर्षानुवर्षे लांबत गेली आहे. तिचा आपल्या परिसरातील माती-पाण्याशी काही संबंध असेल काय, याचा विचार आपण सर्वांनी करावयास हवा.

माती-पाण्यातील बहुसंख्य जिवाणू पेट्रीबशीत वाढत नाहीत. म्हणून त्यांची ओळख डी.एन.ए.वरून पटवितात. प्रत्येक जिवाणूत १६-एस रायबोसोमल आर.एन.ए.चे सुमारे १५०० अक्षरांचे जनुक असते. त्याचे काही भाग सर्व जिवाणूंत जवळजवळ सारखे, तर काही जातीगणिक भिन्न असतात. समान भागांच्या आधारे पी.सी.आर.ने या जनुकाच्या असंख्य प्रती काढतात आणि त्याचा क्रम वाचून ज्ञात जिवाणूंच्या क्रमांशी ताडून पाहतात.

याने नाव कळते. स्वभाव मात्र कळेलच असे नाही. याचा दाखला आपल्या शहरालगतच आहे. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पटानचेरू येथील औषध कारखान्यांच्या सांडपाणी-शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत आढळले. उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तातही एवढी पातळी नसते! २०११ साली तेथील नदीच्या गाळातील सगळा डी.एन.ए. एकत्रित वाचला गेला, तेव्हा प्रतिरोधक जनुकांचे मोठे प्रमाण उघड झाले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्रातील डॉ. योगेश शौचे व त्यांच्या देशी-विदेशी सहकाऱ्यांनी शुद्धीकरण केंद्रातील ९३ जिवाणू-वाण तपासले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात नेहमीचा रोगजंतू एकही नव्हता. तरी ३९ प्रतिजैविकांपैकी २० वा अधिक औषधांना न जुमानणारे वाण ८६ टक्के होते. शिवाय ९५ टक्के वाणांत इंटिग्रॉन, म्हणजे प्रतिरोधक जनुके गोळा करणारे डी.एन.ए.चे खंड होते. अशी जनुके एका जातीतून दुसरीत जाऊ शकतात. आज निरुपद्रवी ठरलेला जिवाणू उद्याच्या रोगजंतूला शस्त्र पुरवू शकतो, ही खरी चिंता आहे.

कारखान्यांचे सांडपाणी आपल्या हाती नाही. लेखणी मात्र आहे. डॉक्टरबंधू-भगिनींनी शक्य तेथे कल्चर पाहूनच प्रतिजैविक लिहावे. समाजबांधवांनीही सर्दी-पडशासाठी ते मागू नये व उरलेल्या गोळ्या मोरीत टाकू नयेत, ही विनंती.