निगेटिव्ह टाकू नका

प्रश्न : वडिलांनी १९६०च्या दशकात काढलेल्या कृष्णधवल फोटोंच्या निगेटिव्ह मी स्कॅन करून घेतल्या. आमचं घर कोकणात आहे. आता मूळ निगेटिव्ह टाकून दिल्या तर चालेल का?

उत्तर : कृपया टाकू नका. कृष्णधवल निगेटिव्हमधली प्रतिमा चांदीच्या कणांची असते. कोरड्या, थंड जागी ती पिढ्यान्‌पिढ्या टिकते आणि पाहायला फक्त उजेड लागतो. हार्ड डिस्क मात्र काही वर्षांतच अचानक बंद पडू शकते.

फिल्मचा खरा शत्रू दमट हवा. पावसाळ्यात तिला बुरशी धरते. म्हणून निगेटिव्ह आम्लरहित कागदी पाकिटांत घालून सिलिका जेलसह डब्यात ठेवा, माळ्यावर नको. व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर अ‍ॅसिटेट फिल्म विघटित होऊ लागली आहे असं समजा. ती लगेच वेगळी काढा, हवाबंद करू नका आणि आधी तिचं स्कॅनिंग तपासा.

स्कॅन टिफ स्वरूपात ठेवा. तीन प्रती करा : दोन वेगळ्या साधनांवर, एक दुसऱ्या गावी. वर्षातून एकदा फाइल उघडून पाहा. पुण्यात २००३ साली चित्रपट-संग्रहाला लागलेल्या आगीत कितीतरी जुन्या चित्रपटांच्या नायट्रेट फिल्म जळाल्या. आठवण एकाच जागी ठेवू नये, हाच त्यातला धडा.