कागदावर चित्र का उमटले नाही?

(ऊस विकास विभागाकडून)



मागच्या पावसाळ्यात आम्ही लोकरी माव्याचा एक कागद गटवार वाटला. संगणकावर वर्डमध्ये मजकूर टाईप केला आणि मध्ये दोन चित्रे घातली. एक माव्याचे, दुसरे डिफा अळीचे. पडद्यावर दोन्ही झकास दिसत होती. छापून आली ती नुसत्या रिकाम्या चौकटी. वाटपाच्या घाईत कोणी पाहिले नाही, आम्हीही नाही.

लोकरी मावा आपल्या राज्यात २००२ साली प्रथम सांगली भागात दिसला. डिफाची अळी पानाच्या खालच्या बाजूस माव्याच्या वस्तीतच जाळी करून राहते आणि मावा फस्त करते. मायक्रोमस हाही तसाच मित्र. आमच्या कागदात लिहिले होते, 'चित्रात दाखविलेली अळी मारू नये'. चित्रच नाही म्हटल्यावर शेतकऱ्याने ओळखावे कसे? गोदाकाठच्या एका सभासदांनी पानामागे अळ्या पाहिल्या, ही नवीन कीड समजून फवारा मारला. मित्र मेले, आणि थोड्याच दिवसांत प्लॉट पुन्हा पांढरा. ते आम्हाला एवढेच म्हणाले, "साहेब, चौकटीत काय होतं ते तरी तोंडी सांगायचं." चूक आमची होती.

नाशिकरोडला १९२५ सालापासून इंडिया सिक्युरिटी प्रेस आहे, १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. त्याच जिल्ह्यात आम्हाला एक अळी छापता येऊ नये! मग बसून कारण शोधले. आता पुष्कळ घरांतून मुले-मुली संगणकावर अर्ज करतात, ठिबकच्या प्रकरणाला शेताचा नकाशा जोडतात, म्हणून ते येथे देत आहोत.

दोष फाईलमध्ये आहे की प्रिंटरमध्ये, हे आधी ठरवावे. त्यासाठी फाईलची पीडीएफ करून उघडावी. तीत चित्र नसेल तर प्रिंटरला शिव्या देण्यात अर्थ नाही, दोष फाईलमध्ये किंवा वर्डच्या मांडणीत आहे. चित्र असेल तर प्रिंटरकडे वळावे.

आमच्या पीडीएफमध्येही चौकटी रिकाम्याच निघाल्या. वर्डमध्ये फाईल, ऑप्शन्स, डिस्प्ले असे गेल्यावर 'प्रिंट ड्रॉइंग्ज क्रिएटेड इन वर्ड' अशी एक ओळ आहे. तिच्यापुढची बरोबरची खूण कोणीतरी काढली होती. खूण नसली की आकृतीच्या जागी कोरी चौकट छापली जाते. खूण केली, काम झाले. एवढ्याशा खुणेपायी एका सभासदाचा फवारणीचा खर्च आणि वर माव्याचे नुकसान! लिब्रेऑफिस वापरणाऱ्यांनी टूल्स, ऑप्शन्स, रायटर, प्रिंट येथे चित्रांची खूण पाहावी.

दुसऱ्या एका गट ऑफिसात वेगळाच प्रकार. चित्र फाईलमध्ये घातलेच नव्हते, फक्त जोडले होते. म्हणजे फाईलमध्ये चित्राचा पत्ता तेवढा, चित्र राहिले जुन्या संगणकावर. पेनड्राईव्हवर फाईल नेली की चित्र मागेच. अशा वेळी चित्र पुन्हा 'इन्सर्ट' करून फाईलमध्येच बसवावे. चित्राऐवजी महिरपी कंसात इंग्रजी अक्षरे दिसली तर आल्ट आणि एफ-९ ही बटणे एकदम दाबावीत.

प्रिंटरच्या बाजूचा दोष आमच्याकडे वजनकाट्यावर सापडला. तेथील टिकटिक करणाऱ्या प्रिंटरला 'जेनेरिक टेक्स्ट ओन्ली' हा ड्रायव्हर लावलेला. पावतीचे आकडे छापायला तो उत्तम, पण चित्र त्याला ठाऊकच नाही, आणि मराठी अक्षरांचीही तो प्रश्नचिन्हे करतो. छापताना यादीतून योग्य प्रिंटर निवडला आहे ना, हे पाहावे. 'ड्राफ्ट' छपाई चालू असेल तर तीही बंद करावी. जुन्या लेसर प्रिंटरला मोबाईलवरचा भलामोठा फोटो पेलत नाही, अर्धाच उमटतो. फोटो लहान करून घालावा.

आणि शंभर प्रती काढण्याआधी एक काढून डोळ्यांनी पाहावी. हे आम्ही आता लिहितो आहोत, तेव्हा केले असते तर बरे झाले असते.

माव्याचा सुधारलेला कागद दोन्ही चित्रांसह गट ऑफिसात आला आहे. रिकाम्या चौकटीचा जुना कागद घरी असल्यास चिटबॉयकडे परत द्यावा व नवा घ्यावा. पानामागील अळीबद्दल शंका असेल तर फवारणीपूर्वी ते पान घेऊन आमच्याकडे यावे.