रमण्यातील घाणेरी

शिकारीचा शौक सरला, १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो निषिद्धही ठरला. परंतु त्या शौकापायी संस्थानी अमदानीत राखलेली राने उरली, आणि त्यांची निगा ज्यांच्याकडे वारशाने आली त्यांच्यापुढे घाणेरीचा प्रश्न उभा राहिला. म्हैसूरच्या महाराजांच्या शिकारीचे बंदीपूर या झुडपाने किती व्यापले आहे, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना त्याचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. घाटमाथ्याच्या पूर्वेस आमच्या वहिवाटीत असलेल्या लहानशा रमण्यात जे घडले ते येथे नमूद करतो, ते एवढ्यासाठी की, अशी जमीन बाळगणाऱ्यांचा पैसा आणि त्याहून मोलाचे गवत व्यर्थ जाऊ नये.

वडिलांच्या पश्चात रान साफ करण्याचा ठेका ज्या गृहस्थांस दिला गेला, त्यांनी ऐन उन्हाळ्यात झुडपे घोट्याइतक्या उंचीवर छाटली, वाळताच जागीच पेटविली, आणि उरलेल्या पट्ट्यात यंत्र घालून माती उलथून टाकली. मृगापूर्वी रान स्वच्छ दिसत होते आणि ठेक्याची रक्कमही चुकती झाली होती. पण श्रावणात पाहावे तो प्रत्येक खुंटाच्या बुडातून फुटव्यांचा झुबका निघालेला, आणि मोकळ्या केलेल्या मातीत घाणेरीच्याच रोपांची दाटी. आगीत गवताचे बी आणि ऐन-धावड्याची कोवळी रोपे तेवढी नष्ट झाली.

एक खुंट उकरला तेव्हा उलगडा झाला. चौकोनी, काटेरी काड्या जेथे एकत्र येतात, तेथे मातीच्या पृष्ठभागालगत गाठीसारखा फुगवटा असतो. सारे धुमारे त्यातूनच निघतात, त्याखालच्या सोटमुळातून नव्हे. दिल्ली विद्यापीठाचे प्राध्यापक सी. आर. बाबू आणि त्यांचे सहकारी यांनी कॉर्बेटच्या व्याघ्रप्रकल्पात हेच मर्म ओळखून जी रीत बसविली आणि २००९मध्ये प्रसिद्ध केली, तिचाच अवलंब करावा, असे माझे निश्चित मत आहे. पावसाने जमीन मऊ झाली की, फळे पिकून निळीकाळी होण्यापूर्वी, कुदळीने त्या गाठीच्या खाली सोटमूळ तोडावे, आणि झुडूप उचलून मुळे आभाळाकडे करून उलटे ठेवावे. कारण ओल्या मातीला टेकलेल्या फांदीलाही मुळ्या फुटतात.

आरंभ दाट जाळीपासून करण्याची इच्छा होते, ती आवरावी. जेथे झुडपे विरळ आहेत आणि खाली गवत अद्याप जिवंत आहे तो भाग आधी मोकळा करून राखावा, व तेथून जाळीकडे सरकावे. संपूर्ण रान एकाच हंगामात उघडे करू नये. ससे, मोर, रानडुकरे यांनी त्याच जाळीत आसरा धरलेला असतो, आणि मजुरांनीही आत शिरण्यापूर्वी मोठ्याने हाकारे घालावेत, कारण आतील डुक्कर वा बिबळ्या दोन हातांवरूनही दिसत नाही. अभयारण्याच्या हद्दीत तर वनखात्याच्या लेखी परवानगीखेरीज कुदळसुद्धा उचलू नये.

खरा खर्च यापुढेच आहे. रिकामी केलेली जमीन रिकामी राहत नाही. मारवेल, पवन्या, डोंगरी या गवतांचे बी हिवाळ्यातच, दाणे पक्व होताच, स्थानिक माळावरून गोळा करून ठेवावे, आणि पावसाच्या तोंडावर माती-शेणात कालवून पेरावे. गवताने जमीन धरेपर्यंत गुरे आत सोडू नयेत. वैरणीच्या टंचाईत ती घाणेरीचा पाला खातात, आणि मग कावीळ होऊन, उन्हाने कातडी सोलून निघून, त्यांचे जे हाल होतात ते पाहवत नाहीत. बुलबुल-साळुंक्या जेथे बसतात त्या झाडांखाली, आणि ओढ्याच्या काठाने, त्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांची रोपे येतात. ती लहान असताना, ओल असेतो, हाताने समूळ उपटावी, आणि हे काम पुढील दोन-तीन पावसाळे न चुकता चालवावे.

म्हणून ठेका देणारांस माझी आग्रहाची सूचना आहे की, करारनाम्यात तोडणीबरोबर पेरणी व निंदणी यांचाही तपशील लिहून घ्यावा, आणि रकमेचा शेवटचा हप्ता दुसऱ्या पावसाळ्याच्या अखेरीस, स्वतः झाडाझाडाखाली वाकून पाहणी केल्यावरच द्यावा.