जमिनीची धूप थांबविण्यासाठी काडीकचऱ्याचे आच्छादन

मोठा पाऊस झाल्यावर घराच्या बाहेरच्या भिंतीकडे पाहा. जमिनीपासून गुडघ्यापर्यंत चिखलाचे शिंतोडे उडालेले दिसतील. उघड्या रानातही हेच घडत असते. पावसाचा मोठा थेंब ताशी सुमारे ३० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. त्यामुळे मातीचे कण सुटे होतात, बारीक गाळाने जमिनीची छिद्रे बुजतात व वर पापुद्रा धरतो. मग पाणी मुरण्याऐवजी उताराने धावते व सुटी माती सोबत नेते.

एक हेक्टर रानावरून केवळ एक मिलिमीटर जाडीचा थर गेला, तरी सुमारे १२ ते १३ टन माती जाते. डोळ्यांना हा फरक जाणवतही नाही. परंतु जाणारा थर सर्वांत वरचा, म्हणजेच सर्वांत कसदार असतो.

बांधबंदिस्ती आवश्यकच आहे. परंतु बांध अडवितो ती सुटून वाहत आलेली माती. आच्छादन थेंबाचा मार स्वतः झेलते व माती सुटूच देत नाही.

आच्छादनासाठी काय वापरावे?

"गुरांनाच वैरण पुरत नाही, रानाला कोठून घालू?" असा प्रश्न शेतकरी विचारतात व तो रास्त आहे. कडबा व चारा यासाठी वापरू नये. सरपणापुरत्या ठेवून उरलेल्या तुरीच्या काड्या, करडईचे काड, सूर्यफुलाची ताटे, उसाचे पाचट, बांधावरील गिरीपुष्पाचा पाला, बी धरण्यापूर्वी कापलेले तण हे पदार्थ चालतात. उन्हाळ्यात रान साफ करताना यातील बराचसा माल पेटवून दिला जातो. तो जाळू नये, पावसाळ्यासाठी राखून ठेवावा. कपाशीच्या पऱ्हाट्या मात्र साठवू नयेत. त्यांत गुलाबी बोंडअळीचे अवशेष राहतात.

आच्छादन कसे करावे?

१) लांब काड्यांचे वीतभर तुकडे करावेत.

२) पेरणी व मशागत उताराला आडवी करावी. पीक उगवून पहिली खुरपणी झाल्यावर दोन ओळींमध्ये आच्छादन पसरावे.

३) साधारणपणे हेक्टरी ५ टन, म्हणजे गुंठ्याला सुमारे ५० किलो काडीकचरा लागतो. माल कमी असल्यास सर्व रानावर विरळ न टाकता जास्त उताराच्या भागावर पुरेसा टाकावा.

४) आच्छादन खोडाला चिकटू देऊ नये, चार बोटे जागा मोकळी सोडावी. वाळवीचा उपद्रव असलेल्या रानात वरचेवर पाहणी करावी.

५) गव्हाचे काड किंवा पाचट कुजण्यापूर्वी मातीत मिसळू नये. तसे केल्यास पिकाला काही काळ नत्र कमी पडते.

मर्यादा

जेथे पाण्याचा लोंढा येतो किंवा घळ पडली आहे, तेथे आच्छादन वाहून जाते. तेथे आधी बांध, सांडवा व घळीचे नियंत्रण करावे. प्लॅस्टिकच्या कागदावर पडलेले पाणी सरींत वेगाने उतरते. त्यामुळे उताराच्या रानात सरी उघड्या ठेवल्यास धूप वाढू शकते. अशा सरींत काडीकचरा टाकावा. काडीकचरा मिळतच नसेल, तर हलक्या जमिनीत मटकी, हुलगा यांसारखी पसरणारी पिके घ्यावीत. तेही जिवंत आच्छादनच होय.

यंदा निदान एका गुंठ्यावर प्रयोग करून पाहावा. शेजारचा तेवढाच तुकडा उघडा ठेवावा. जोराचा पाऊस झाल्यावर दोन्हींकडून वाहणाऱ्या पाण्याचे नमुने काचेच्या बाटल्यांत घेऊन रात्रभर ठेवावेत. सकाळी दोन्ही बाटल्यांच्या तळाशी बसलेला गाळ शेजारी शेजारी ठेवून पाहावा. उरलेल्या रानाचे काय करायचे, ते त्यावरून आपणच ठरवावे.