नायट्रिक ऑक्साइडच्या डब्यावर पैसे घालण्याआधी

केस गळायला लागले की माणूस धास्तावतो आणि दिसेल त्यावर पैसे टाकतो. सध्या हा पैसा ‘नायट्रिक ऑक्साइड बूस्टर’ लिहिलेल्या डब्यांवर जातो आहे. मागच्या आठवड्यात औषधाच्या दुकानात असा एक डबा उलटून पाहिला. महिन्याच्या पावडरीचे बाराशे रुपये, म्हणजे वर्षाचे चौदा हजार चारशे. पाच घटकांची नावं होती, वजन मात्र सगळ्यांचं मिळून एकच. त्यांतलं आर्जिनिन नेमकं किती, हे कुठेच नव्हतं.

नायट्रिक ऑक्साइडचं शास्त्र खरं आहे. शरीरातली तीन एन्झाइम्स आर्जिनिन या अमिनो आम्लापासून हा वायू तयार करतात. रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं एन्झाइम तो अगदी थोडा सोडतं. काही सेकंदच टिकतो, पण तेवढ्यात रक्तवाहिनी सैल होते. या शोधाला १९९८ चं नोबेल मिळालं. दुसरं एन्झाइम चेतापेशींत असतं. तिसरं दाह झाला की जागं होतं, भरमसाट वायू सोडतं आणि त्यातून पेशींना इजाही होते. म्हणून जितका जास्त तितका चांगला, असा हिशेब इथे चालत नाही. केसांच्या मुळांतही ही एन्झाइम्स सापडतात. पण आर्जिनिन खाऊन टकलावर केस उगवतात, याला भक्कम पुरावा नाही. आणि आर्जिनिन शेंगदाण्यात, तिळात, डाळीतही भरपूर असतं.

पहिला खर्च त्वचारोगतज्ज्ञाच्या तपासणीचा करा. खासगीत साधारण पाचशे ते हजार रुपये, सरकारी रुग्णालयात नाममात्र. हिमोग्लोबिन, फेरिटिन, थायरॉईड यांत दोष निघाला तर उपचार त्याचाच.

आनुवंशिक टक्कल असेल तर मिनॉक्सिडिलला पुरावा आहे. मुळात हे रक्तदाबाचं औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढले, तेव्हा १९८८ मध्ये अमेरिकेत ते डोक्याला लावायला मंजूर झालं. पाच टक्क्यांचं द्रावण पुरुषांना सहसा दिवसातून दोनदा एक-एक मिली लावायला सांगतात, म्हणजे साठ मिलीची बाटली महिनाभर. बाटली सातशेची धरली तर वर्षाला आठ हजार चारशे. कंपनी बदलली की किंमत बरीच बदलते, म्हणून दर मिलीमागे ताडून पाहा. सुरुवातीच्या आठवड्यांत केस जास्त गळू शकतात. घाबरून सोडू नका, फरक दिसायला चार ते सहा महिने लागतात. औषध थांबवलं की आलेले केस काही महिन्यांत जातात. तेव्हा वर्षानुवर्षं झेपेल का, हे आधी ठरवा. गरोदरपणात ते लावू नये.

एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत आर्जिनिनची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. आर्जिनिन घेणाऱ्यांपैकी सहा जण दगावले, दुसऱ्या गटात एकही नाही. चाचणी थांबवावी लागली. घरात कुणाला हृदयविकाराची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय असा डबा उघडू नका.